रत्नागिरीत राहायला येताय? खाण्यापिण्याचे आणि रोजच्या राहणीचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

2016 च्या जूनमध्ये नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही साताऱ्याहून रत्नागिरीत आलो. टेम्पोतून सामान उतरवताना जो पाऊस लागला, तो चार दिवस हटला नाही. तेव्हापासून ओळखीपाळखीतलं कुणीही इकडे यायला निघालं की मला फोन येतो, आणि दहातले आठ प्रश्न स्वयंपाकघराचे असतात. तेच इथे एकत्र लिहिलेत. उत्तरं रत्नागिरी शहर धरून आहेत. चिपळूण, मालवण, अलिबागकडे थोडाफार फरक पडेल.

आम्ही घाटावरचे. ज्वारी, मेथी, दूध सगळं मिळतं ना?

मिळतं. पण ते कुठून येतं हे लक्षात ठेवा. इथली बरीचशी पालेभाजी, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर आणि पिशवीचं दूध कोल्हापूर-सांगलीकडून घाट उतरून येतं. कोल्हापूर इथून साधारण 130 किलोमीटर, मध्ये आंबा घाट. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दरड आली की दुसऱ्या दिवशी कोथिंबिरीची जुडी बघूनच माणूस पुढे जातो. आलेली मेथीही प्रवासाने मलूल झालेली असते. साताऱ्यात सकाळी शेतातून आलेली मेथी खायची सवय होती, त्यामुळे पहिले सहा महिने मी बाजारातून रोज नाराज होऊन परत यायचे.

मग शेजारच्या वहिनींनी एकदा विचारलं, "काय करायचं ते घरून ठरवून का जाता? आधी बघा तरी काय आलंय ते." माझं इथलं स्वयंपाकघर त्या दिवसापासून बदललं. यादी घेऊन बाजारात गेलात तर निम्म्या गोष्टी महाग, शिळ्या किंवा गायब. पिशवी घेऊन गेलात आणि जे आलंय ते घेतलंत, तर स्वस्तही आणि ताजंही. पुढच्या बहुतेक उत्तरांत हेच पुन्हा येईल.

ज्वारी वाण्याकडे मिळते, पण गिरणीत दिवसभर तांदूळ दळला जातो. ज्वारी कोणत्या वेळी टाकू, हे गिरणीवाल्या काकांना आधी विचारून घ्या, नाहीतर पिठात तांदूळ मिसळून येतो आणि भाकरी थापताना चिरते. त्यापेक्षा तांदळाची भाकरी शिकून घ्या. उकळत्या पाण्यात मीठ आणि पीठ घालून उकड काढायची, झाकून वाफ द्यायची, आणि हाताला सोसेल इतकी गरम असतानाच मळायची. उकड गार झाली की भाकरीच्या कडा फुटतात. नाचणीचीही अशीच करता येते.

मासे ताजे कसे ओळखायचे? आम्हाला काहीच कळत नाही.

मलाही कळत नव्हतं. मिरकरवाडा बंदरावर पहिल्यांदा गेले तेव्हा एकच नाव माहीत होतं, पापलेट. तेच मागितलं. समोर बसलेल्या मावशींनी माझ्याकडे एकदा बघितलं, पापलेटाची टोपली बाजूला सरकवली आणि दुसऱ्या टोपलीतून एक बांगडा उचलला. अंगठ्याने कल्ला उघडून दाखवला: आत लालभडक, ओला. मग तोच अंगठा माशाच्या पाठीवर दाबला आणि उचलला. खड्डा लगेच भरून आला. "असा बघून घे गो," म्हणाल्या, "पापलेट बर्फातलं आहे, हा आत्ता उतरलाय." त्या दिवशी मी सहा बांगडे आणले, आणि आजही त्यांच्याकडूनच घेते.

त्यांनी शिकवलं तेवढं बहुतेक वेळा पुरतं. कल्ला लाल हवा, तपकिरी झाला की सोडून द्यायचा. डोळा वर आलेला आणि पारदर्शक हवा, आत गेलेला आणि दुधाळ नको. अंग घट्ट हवं. वास समुद्राचा यावा, अमोनियासारखा उग्र नको. कोळंबीचं डोकं अंगाला घट्ट हवं, गळायला लागली असेल तर नको. मुळे, तिसऱ्या ही शिंपली तोंड मिटलेलीच घ्यायची. उघडं शिंपलं टिचकी मारूनही मिटलं नाही तर ते टाकायचं. घरी आणल्यावर मिठाच्या पाण्यात ठेवा म्हणजे वाळू सोडतात. खेकडे अवसेच्या आसपास भरलेले असतात आणि पुनवेला पोकळ, असं इथल्या सगळ्या मावशी सांगतात. मी त्यांचं ऐकते आणि माझा अनुभव त्यांच्या बाजूने आहे.

सुरमई, हलवा, पापलेट वजनावर किंवा नगावर मिळतं. मांदेली, तारल्या, बारीक कोळंबी बहुधा वाट्यावर. कापून साफ करून हवं असेल तर बाजूलाच मोठी विळी घेऊन बसलेल्या बायका असतात, त्यांचे पैसे वेगळे. ते द्यायला कुरकुर करू नका. सुरमईचे सारख्या जाडीचे तुकडे काढणं हे कसब आहे.

समुद्राकाठी मासे स्वस्त असतील ना?

सगळे नाहीत. पापलेट, मोठी कोळंबी, म्हाकूल यांतलं चांगलं ते मुंबईला, गोव्याला आणि परदेशात जातं, त्यामुळे त्यांचा भाव बाहेरचा बाजार ठरवतो. बांगडा, तारली, मांदेली, सौंदाळे रोजच्या खिशाला परवडतात आणि चवीला कुठेही कमी नाहीत. तिरफळं (मिरीसारखी झणझणीत मसाल्याची फळं) घातलेलं बांगड्याचं तिखलं, म्हणजे दाट तिखट कालवण, एकदा जमलं की पापलेटाची आठवणही येत नाही. तिरफळं आतलं बी काढून, जरा ठेचून, शेवटी घालायची. वाटणात वाटू नका, कडू होतं.

वारही भाव ठरवतो. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी अनेक घरांत पाळतात. म्हणून बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी गर्दी आणि भाव दोन्ही चढे. ज्यांना वाराचं बंधन नाही त्यांनी सोमवारी जाऊन बघावं.

पावसाळ्यात मासे बंद असतात म्हणे?

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस, यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तो माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून कोळी बांधव नव्या हंगामाचं मागणं मागतात. मधल्या काळात खाडीतलं थोडं मिळतं, बाकी सुकं: सुकट, सोडे, बोंबील, खारा बांगडा. सुकी मासळी मे महिन्यातच घ्या, आणि आणल्यावर पुन्हा दोन कडक उन्हं दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. घरात वास पसरेल ही भीती सगळ्यांना असते. डब्याचं झाकण नीट असेल तर पसरत नाही.

पहिल्या पावसात ओढ्यांतून, शेतांतून वर चढणारे चढणीचे मासे विकायला येतात. चव फार चांगली असते हे खरं, पण ते पोटात अंडी घेऊन चढतात. मी घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका, असं मनापासून सांगते.

आम्ही शाकाहारी आहोत. आमचे हाल होतील का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात आवडतं. कोकण म्हणजे मासे, ही समजूत पर्यटकांची. इथल्या शाकाहारी घरांत जे शिजतं ते पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत बघायलाही मिळत नाही.

मार्चमध्ये ओले काजूगर येतात. शेकड्याच्या हिशेबाने विकतात आणि महाग वाटतात, पण सोलणाऱ्या बाईचे हात एकदा बघा. काजूच्या टरफलातला चीक कातडी जाळतो, बोटं काळी पडतात, सालं निघतात. म्हणून सोललेलेच घ्या आणि घासाघीस करू नका. गरम पाण्यात टाकले की वरची साल सुटते, मग ओलं खोबरं घालून उसळ. त्याच सुमारास कोवळा फणस येतो, त्याला कुयरी म्हणतात. त्याची भाजी हाताला तेल लावून चिरायची. पुढे कापा आणि बरका हे फणसाचे दोन्ही प्रकार पिकतात. बरक्याचा रस आणि तांदळाचा रवा यांची सांदणं वाफवतात, नारळाच्या दुधाबरोबर खातात. उरलेल्या आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, धुऊन वाळवून ठेवा, पावसात लागतात.

कारण पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की टाकळा उगवतो. रस्त्याच्या कडेने, कुणी न पेरता. कोवळा पाला खुडून आणलेला असतो, त्यात आठळ्या ठेचून घालायच्या. मागोमाग भारंगी, कुर्डू, फोडशी, कंटोली. या भाज्या गावातून डोक्यावर टोपली घेऊन आलेल्या आज्यांकडे मिळतात, मोठ्या दुकानात नाही. घेताना "आजी, ही करायची कशी?" असं विचारा. कुठली उकडून पिळायची, कुठलीत आंबट घालायचंच, हे त्या नीट सांगतात. अळवात आमसूल विसरलात तर घसा खाजेल. याशिवाय केळफूल, सुरण, कणगरं, कुळथाची पिठी, मऊ भात, घावणे, आंबोळ्या आहेतच, आणि नागपंचमीच्या सुमारास हळदीच्या पानातल्या पातोळ्या. पातोळ्या वाफवताना घरभर जो वास सुटतो, तो मी साताऱ्याला जाताना डब्यात भरून नेऊ शकत नाही याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

सोलकढी हॉटेलसारखी का होत नाही?

घरची अधिक चांगली व्हायला हवी. दहा-बारा आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा. एका नारळाचं दाट आणि दुसरं पातळ दूध काढा, त्यात लसूण, हिरवी मिरची आणि मीठ वाटून घाला, कोकमाचं पाणी मिसळा, गाळा. तापवू नका, नारळाचं दूध फाटतं. तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका. आमसुलांऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरत असाल तर मीठ शेवटी, चव बघून. आगळात आधीच भरपूर मीठ असतं आणि नव्या माणसाची कढी तिथेच खारट होते.

आमसुलं एप्रिल-मेमध्ये कुणाच्या तरी अंगणात वाळताना बघून घेता आली तर उत्तम. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं त्याच्याच खारवलेल्या रसात बुडवायची, उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा उन्हात. असं कितीतरी दिवस चालतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हापूसला 2018 मध्ये.

हापूस कधी आणि कसा घ्यायचा?

थांबून. फेब्रुवारी-मार्चच्या पहिल्या पेट्या वाशीच्या बाजारासाठी असतात आणि त्यांचा भाव आपल्यासाठी नसतो. एप्रिलच्या अखेरीस किंवा मेमध्ये, अक्षय्य तृतीया उलटली की भाव बहुधा खाली यायला लागतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात ओळखीच्या बागायतदाराकडून घ्या. कच्चा पण तयार आंबा मागा, म्हणजे देठाजवळ खांदे वर आलेला. घरी पेंढ्यात अढी लावा, एकावर एक फार थर नकोत, आणि दोन दिवसांनी हात फिरवून बघत राहा. आठ-दहा दिवसांत खोलीच सांगते. बाहेरून पिवळाधमक पण वास नसलेला आंबा घेऊ नका. कार्बाइडने पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी नाकाने खात्री करून घेतलेली बरी.

कधी वरून सुंदर दिसणारा आंबा कापल्यावर आत पांढरट, चामट निघतो. त्याला साका म्हणतात. तो बाहेरून ओळखता येत नाही, त्यात विकणाऱ्याची लबाडी नसते. त्याच्याशी भांडायला जाऊ नका.

आणि रायवळ, म्हणजे गावठी, आंब्यांना विसरू नका. पाटीभर आणून बादलीत पाण्यात टाकावे आणि मुलांना अंगणात चोखायला बसवावं.

पावसाळ्यात डाळी, मसाले खराब होतात का?

होतात. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मीठ पाझरतं, पापड लवचीक होतात, चामड्याच्या चपलांवर बुरशी येते. म्हणून इथे आगोटीची बेगमी, म्हणजे पावसाआधीची साठवण, करतात. एप्रिल-मेमध्ये सगळी अंगणं भरलेली दिसतील: डाळी, कडधान्यं, मिरच्या, फेण्या, मिरगुंडं, सांडगी मिरची, आंब्याची साठं. वर्षाचा मसाला याच दिवसांत डंकावर कुटून आणतात. पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन हवेशीर टांगतात.

आम्ही नेमके जूनमध्ये आल्यामुळे पहिल्या वर्षी यातलं काहीच झालं नव्हतं. पाच किलो तूरडाळ साताऱ्याहून आणलेली तशीच डब्यात भरली. जुलैअखेर झाकण उघडलं तर आंबूस वास, आणि तळाशी डाळीचे ढेप. सगळी टाकावी लागली. तेव्हापासून मे महिन्यात डाळीला तीन उन्हं, आणि तिन्हीसांजेच्या आत घरात. जूनमध्ये येणार असाल तर महिन्यापुरतंच सामान भरा. खडे मीठ चिनीमातीच्या बरणीत ठेवा.

बाहेर जेवायचं झालं तर?

घरगुती खानावळी शोधा. मच्छी थाळीत तळलेला तुकडा, आमटी, एखादं सुकं, भात, भाकरी किंवा चपाती आणि सोलकढी असते. तिथेही आधी "आज ताजं काय आहे?" असंच विचारा. दुपारी दीडच्या आत गेलात तर निवड असते, नंतर उरलेलं. कोंबडी-वडे इथे मिळतात, पण त्यांचं खरं घर सिंधुदुर्ग. रमजानच्या संध्याकाळी मुस्लिम मोहल्ल्यांच्या बाजूला जरूर फेरी मारा, कोकणी मुसलमान घरांतला स्वयंपाक ही या किनाऱ्याची वेगळी श्रीमंती आहे. रात्री साडेदहा-अकराला मात्र भूक लागली तर घरात काहीतरी असू द्या.

दुकानं दुपारी बंद असतात हे खरं का?

हो, बरीचशी. साधारण एक ते चार. सवय होते, आणि मग आपल्यालाही दुपारची झोप लागते.

घर बघताना काय विचारावं?

भाड्याच्या आधी पाणी. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढ असते, कारण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, सगळं समुद्राला मिळतं. "मे महिन्यात विहिरीला पाणी किती असतं आणि नळाला किती वेळ येतं?" असा नेमका प्रश्न विचारा, आणि घरमालकाबरोबर शेजाऱ्यांनाही विचारा. दुसरं, वाळवणाला ऊन येणारी जागा आहे का. तिसरं, पावसात कपडे वाळत घालायला पडवी किंवा झाकलेली गॅलरी. चौथं, इन्व्हर्टर. जून 2020 च्या निसर्ग आणि मे 2021 च्या तौक्ते वादळांत जिल्ह्यात अनेक ठिकाणी वीज दिवसेंदिवस नव्हती. एरवीही जोराच्या वाऱ्यात ती जाते. म्हणून पावसाळ्यात फ्रीझर माशांनी भरून ठेवू नका.

माणसं कशी आहेत? मिसळून घेतात का?

घेतात, पण घाई करत नाहीत. पहिले दोन महिने नुसतं बघतील. मग एक दिवस कुंपणावरून वाटी येईल, फणसाची भाजी किंवा चार घावणे. ती वाटी रिकामी परत करू नका. मी पहिल्यांदा शेंगदाण्याची चटणी घालून परत केली होती. आजही त्या वहिनी ती मागून घेतात, आणि मला त्यांच्याकडून नारळ, आळूची पानं, कढीलिंब कधी विकत घ्यावा लागलेला नाही.

गणपतीत आणि शिमग्यात मात्र शहराचा नूर बदलतो. मुंबईचे चाकरमानी गावी येतात, शहरातले लोक आपापल्या वाड्यांवर जातात, कामवाल्या ताई आठ-दहा दिवस येत नाहीत. ते गृहीत धरा, सुट्टी कापायची भाषा करू नका. कुणी गावी बोलावलं तर नक्की जा. शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा घरच्या बाईने ओटी भरताना एकदा बघावं. त्या दिवसांत मुंबईला जायचं असेल तर रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुटतं, त्या सकाळीच काढा. स्टेशन कुवारबावला, गावाबाहेर आहे, रिक्षाचा वेळ धरा.

मुलं काट्यांमुळे मासे खात नाहीत.

सुरमईच्या मधल्या तुकड्याने सुरुवात करा, त्यात एकच मोठा काटा. नाहीतर सोललेली कोळंबी. बांगडा वर्षभराने.

सामानात काय आणावं, काय आणू नये?

खोवणीची विळी आणा, किंवा इथे आल्या आल्या घ्या. रोज एक नारळ फुटणार हे धरून चाला. मोदकपात्र आणा. घट्ट झाकणाच्या बरण्या हव्यात, पातळ पत्र्याचे डबे गंजतात. लोखंडी तवा आणलात तर पावसाळ्यात रोज पुसून तेलाचा हात लावून ठेवा. लोकरीचं सगळं घरी ठेवून या. गाद्या जाड कापसाच्या नकोत, ओल धरतात. आणि एक मोठी कापडी पिशवी, आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेली, माशांसाठी वेगळी. माझी दाराच्या मागच्या खुंटीला अडकवलेली असते, सकाळी बाहेर पडताना हाताला येईल अशी.